समच्छेद

अर्धा आणि एक तृतीयांश मिळून किती, असे चौथी-पाचवीतल्या मुलाला विचारले म्हणजे पुष्कळदा उत्तर येते : दोन पंचमांश. मुलाने वरच्या एकात वरचा एक मिळविलेला असतो, खालच्या दोहोंत खालचे तीन मिळविलेले असतात; बेरीज म्हणून आजवर त्याला जे शिकविले तेच त्याने इमानाने केलेले असते. गुरुजी त्यावर लाल रेघ ओढतात, लसावि काढण्याची रीत पुन्हा एकवार सांगतात आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतात. रीत पाठ होते. पण आपले पहिले उत्तर कशाने चुकले, हे त्या मुलाला मोठेपणीही उमगलेले असतेच असे नाही. दोन पंचमांश म्हणजे अर्ध्याहून कमी. अर्ध्या भाकरीत आणखी तिसरा हिस्सा घातला आणि पाहावे तो पानातली भाकरी पहिल्यापेक्षा घटलेली, असा तो हिशेब आहे. मिळविल्याने घट होते, ही गोष्ट खऱ्या भाकरीपुढे बसलेले कोणतेही मूल मान्य करणार नाही; कागदावर मात्र ते ती बिनतक्रार मान्य करते. मोठी माणसेही कागदावर अशा पुष्कळ गोष्टी मान्य करीत असतात.

आमचा व्यवसाय वकिलीचा. गणित हा आमचा प्रांत नव्हे. परंतु वाटपाचे दावे ज्याला चालवावे लागतात, त्याची अपूर्णांकांच्या बेरजेतून सुटका नसते. वडिलार्जित मिळकतीतला चौथा हिस्सा, त्या हिश्शातला सहावा हिस्सा, त्यात निपुत्रिक चुलत्याकडून आलेला आठवा हिस्सा, ही भाषा आमच्या दफ्तरांत रोज बोलली जाते. ती बोलता-ऐकता आमचे असे मत बनत गेले आहे की शाळेतल्या या क्षुल्लक वाटणाऱ्या बेरजेत नीतीचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. दोन निरनिराळ्या मापांनी वाट्यास आलेल्या गोष्टी एकत्र मोजावयाच्या कशा, आणि तशा मोजण्यास नकार देणे हे केव्हा अन्यायाचे ठरते, हा तो प्रश्न.

अपूर्णांकाचे अवयव दोन : वरचा अंश आणि खालचा छेद. अंश मोजणी करतो, छेद नाव सांगतो. तीन चतुर्थांशांत ‘तीन’ ही संख्या आहे आणि ‘चतुर्थांश’ ही जात आहे. दोन आंबे आणि तीन नारळ मिळून पाच काय, असे कोणी विचारले तर आपण क्षणभर थांबतो आणि ‘फळे’ असे म्हणतो. दोहोंना सामावून घेणारे नाव शोधण्यासाठी आपल्याला एक पायरी वर चढावे लागते. अपूर्णांकांत हीच क्रिया उलट दिशेने होते. येथे खाली उतरावे लागते, अर्ध्यालाही मोडता येईल आणि तृतीयांशालाही मोडता येईल अशा बारीक तुकड्यापर्यंत. तो तुकडा षष्ठांशाचा. अर्ध्याचे तीन षष्ठांश झाले, तृतीयांशाचे दोन झाले, आणि मग कोठे वरच्या अंकांना एकमेकांशी बोलावयाचा अधिकार आला : पाच षष्ठांश.

या क्रियेत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अर्धा तृतीयांशाला असे म्हणत नाही की मी मोठा, तेव्हा तू माझे नाव घे. आणि म्हटले तरी ते जमत नाही, कारण तृतीयांशाचे पुरते अर्धे होत नाहीत. दोघांनाही आपली जुनी नावे सोडून तिसरे नाव घ्यावे लागते, आणि ते घेताना दोघांच्याही मोलात तिळमात्र फरक पडत नाही. तीन षष्ठांश म्हणजे पूर्वीचाच अर्धा. आमच्या समाजात नाव सोडणे म्हणजे मोल सोडणे असा समज इतका खोल रुजलेला आहे की पुष्कळ तंटे केवळ त्याच्यावर जगतात. ज्या पृष्ठांवर मराठी आणि कोंकणी शेजारी शेजारी छापल्या जातात, त्या पृष्ठांच्या वाचकांना याहून अधिक सांगावयास नको.

आपल्या जुन्या गणित्यांनी या क्रियेला समच्छेद हेच नाव दिले आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. ज्याला आज आपण लघुतम साधारण विभाज्य असे लांबलचक नाव देतो, त्याला त्यांनी ‘निरुद्ध’ असा सुटसुटीत शब्द योजला होता. तो शब्द शाळेत टिकला असता तर मुलांची लसावि आणि मसावि यांतली गफलत तरी वाचली असती. पुढे ११५० साली भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त अपूर्णांकांचे प्रकार सांगताना भिन्न छेदांच्या राशी एकत्र करण्याला ‘भागजाती’ म्हटले, आणि अपूर्णांकाचा अपूर्णांक काढण्याला ‘प्रभागजाती’. जात हा शब्द तेथे केवळ प्रकार या अर्थाने आहे. तथापि जाती भिन्न असतील तर आधी समच्छेद करा आणि मग मिळवा, अशी आज्ञा ज्या ग्रंथाने आठशेहून अधिक वर्षांपूर्वी दिली, तो ग्रंथ पूज्य मानणाऱ्या समाजाने ती आज्ञा पाटीबाहेर फारशी येऊ दिली नाही, एवढे सांगून आम्ही पुढे जातो.

प्रभागजातीचे भास्कराचार्यांनी दिलेले उदाहरण मोठे मार्मिक आहे. एका याचकाला एका कृपणाने दान दिले. किती दिले? एका द्रम्माचा अर्धा, त्याचे दोन तृतीयांश, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचा पंचमांश, त्याचा षोडशांश, आणि त्याचा चतुर्थांश. ऐकणाऱ्याला वाटावे, केवढी ही दानाची मालिका! हिशेब केला म्हणजे निघतो एका द्रम्माचा बाराशेऐंशीवा भाग. द्रम्माचे सोळा पण, पणाच्या चार काकिणी आणि काकिणीच्या वीस कवड्या. म्हणजे कृपणाने दिली ती नेमकी एक कवडी. गणिताच्या पुस्तकात हा विनोद म्हणून शोभतो. पण ‘त्याचा भाग, त्याचा भाग’ अशी उतरंड रचून कवडीला दानाचा डौल देण्याची कला त्या कृपणाबरोबर संपली असे मात्र समजू नये. वाटणीपत्रांत ती जिवंत आहे.

न्यायालयाच्या दारात शिरण्यापूर्वी मापांविषयी थोडे बोलणे अवश्य आहे, कारण छेद हा कोणीतरी आधी ठरविलेला असतो आणि तो ठरविणाराच पुष्कळदा वाटणी ठरवून जातो. आमच्या वडीलधाऱ्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ केली होती. औट म्हणजे साडेतीन, हे आज सांगावे लागते. त्या पाढ्यांच्या मागे सोळा आण्यांचा रुपया उभा होता. आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया. म्हणजे रुपयाच्या एकशे ब्याण्णव पया. या एकशे ब्याण्णवात तीनाचा एक गुणक लपलेला असल्यामुळे रुपयाचा तिसरा हिस्सा पाच आणे चार पया असा बिनचूक निघे. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात रुपयाचे सोळा टांग आणि नऊशे साठ रेइश होते. तेथे तीनही भागत होते, पाचही भागत होते. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात रुपयाचे शंभर पैसे झाले. पंचमांश सोपा झाला, दशांशाचे गणित सोपे झाले; पण तीन भावांत रुपया वाटावयाचा म्हटले की तेहेतीस-तेहेतीस पैसे देऊन एक पैसा उरू लागला. तो कोणी घ्यावयाचा? आमच्या लोकांनी या प्रश्नाचे उत्तर देवाच्या पेटीत टाकून दिले, हे चातुर्य खरेच. परंतु माप बदलले की कोणाचा वाटा सुटसुटीत होतो आणि कोणाचा ‘वर काही’ म्हणून उरतो, हा प्रश्न पेटीत टाकून संपत नाही.

आता आमच्या प्रांतातली गोष्ट. बाराव्या शतकाच्या आसपास, भास्कराचार्यांच्या थोडे अगोदर, चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. आमच्या वाचकांपैकी गोवेकर सोडले तर बहुतेकांच्या घरच्या वाटण्या शतकानुशतके त्या टीकेने ठरविल्या. मुलगा जन्मतःच वडिलार्जितात हिस्सेदार होतो. वाटणी झालीच तर पत्नीलाही मुलाइतका वाटा मिळतो, पण वाटणी मागण्याचा अधिकार तिला नाही. १९५६ साली हिंदू उत्तराधिकार अधिनियम आला. त्याने ही चौकट न मोडता तिच्या आत एक नवी खोली बांधली. मिताक्षर कुटुंबातला पुरुष मरण पावला आणि त्याला पत्नी, मुली असे वारस असले, तर त्याच्या मृत्यूच्या क्षणापूर्वी कुटुंबात वाटणी झाली असे समजावे, त्या कल्पित वाटणीत त्याला जो हिस्सा आला असता तो काढावा, आणि तेवढा हिस्सा सर्व वारसांत सारखा वाटावा.

सांगली येथे १९६० साली असा एक गृहस्थ वारला. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. विधवेने १९६२ साली वाटपाचा दावा लावला. तिची बेरीज सरळ होती. पतीच्या हयातीत वाटणी झाली असती तर पती, पत्नी आणि दोन मुलगे असे चार हिस्से पडले असते; तिचा एक चतुर्थांश. पतीच्या चतुर्थांशाला वारस सहा. त्यातला तिचा सहावा भाग म्हणजे एक चोविसांश. एक चतुर्थांश अधिक एक चोविसांश, म्हणजे सहा चोविसांश अधिक एक चोविसांश, एकूण सात चोविसांश. चौथीच्या पाटीवरचे गणित. खालच्या न्यायालयाने १९६५ साली तिला हिस्सा दिला तो एक चोविसांश. ही दोन अपूर्णांकांची बेरीज करण्यास त्या न्यायालयाने नकार दिला होता.

हा नकार अडाणीपणाचा नव्हता, आणि म्हणूनच तो विचार करण्याजोगा आहे. बेरीज नाकारण्यामागचा युक्तिवाद असा होता : कायद्याने वाटणी झाली असे ‘समजावे’ म्हटले आहे, ते मृताचा हिस्सा किती एवढेच काढण्यापुरते. प्रत्यक्षात वाटणी झालेली नाही, आणि वाटणी झाल्याखेरीज पत्नीला हिस्सा नाही. तेव्हा पतीचा चतुर्थांश हिशेबापुरता खरा. पत्नीचा चतुर्थांश नुसती कल्पना. एक खरी वस्तू आणि एक कल्पना यांची बेरीज होत नाही.

गणिताच्या भाषेत सांगावयाचे तर आक्षेप असा की या दोन अपूर्णांकांचे छेद भिन्न आहेत एवढेच नव्हे, त्यांचे पूर्णच भिन्न आहेत. आणि तत्त्वतः हा आक्षेप मोठा आहे. अर्धी भाकरी आणि एक तृतीयांश गाव यांची बेरीज पाच षष्ठांश होत नाही. समच्छेद कितीही केला तरी होत नाही. छेद सारखा करता येतो तो पूर्ण एकच असेल तेव्हा. म्हणून प्रश्न एवढाच उरला की विधवेचे दोन्ही वाटे एकाच मिळकतीचे तुकडे आहेत की नाहीत.

मुंबई उच्च न्यायालयाने १९७५ साली ते तसे आहेत असे मानले आणि २७ एप्रिल १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या निकालाने त्यावर शिक्कामोर्तब केले. निकालाचा आशय असा की वाटणी झाली हे गृहीत एकदा मृताचा हिस्सा काढण्यासाठी धरले, म्हणजे वारसांचे हिस्से काढताना ते सोडून देऊन मागे फिरता येत नाही. आम्हाला यात कायद्याइतकीच गणिताचीही शिस्त दिसते. तो एक चोविसांश आला कोठून? चतुर्थांशाचा सहावा भाग म्हणून. चतुर्थांश आला कोठून? चार हिस्से कल्पिले म्हणून. ज्या चार हिश्शांतला एक हिस्सा पतीचा म्हणून खरा मानला, त्याच चारांतला दुसरा पत्नीचा म्हणून खोटा कसा? एकाच भाकरीचे चार तुकडे कल्पून त्यातल्या एकाचे बारीक तुकडे आनंदाने वाटावयाचे, आणि उरलेल्या तिहींविषयी विचारले की भाकरी मोडलीच नाही असे म्हणावयाचे, हा हिशेब कृपणाच्या दानाहून वरच्या प्रतीचा नाही. दावा दाखल झाल्यापासून ही बेरीज पक्की होण्यास पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला.

येथे कथा संपली असती तर विधवेचा जय म्हणून आम्ही ती सुखाने सांगितली असती. पण छेद एकदा सारखा झाला की तो केवळ फिर्यादीचाच वाटा दाखवून थांबत नाही. सर्वांचे वाटे एका ओळीत उभे करतो. आईचे सात चोविसांश. प्रत्येक मुलाचेही सात. प्रत्येक मुलीचा एक. सातही त्रिक एकवीस आणि वर तीन, चोवीस पुरे झाले. ‘मुलींनाही बापाच्या हिश्शात भावांबरोबर सारखा वाटा आहे’ हे वाक्य १९५६ नंतर अभिमानाने बोलले जात असे, आणि ते शब्दशः खरे होते. बापाच्या हिश्शात वाटा सारखाच होता. मिळकतीत तो सातास एक होता. चतुर्थांशाचा षष्ठांश असे म्हणत राहिले तोवर हे प्रमाण कोणाच्या डोळ्यांत भरले नाही.

२००५ सालच्या दुरुस्तीने मुलीलाही जन्मतः हिस्सेदार केले. महाराष्ट्राने व कर्नाटकाने आपापल्या दुरुस्त्या १९९४ सालीच केल्या होत्या. तेच कुटुंब आजच्या कायद्याखाली आणून पाहू. आता कल्पित वाटणीत हिस्से सात : बाप, आई, दोन मुलगे, तीन मुली. बापाच्या सप्तमांशाला वारस सहा, म्हणून प्रत्येकास एक सप्तमांश अधिक एक बेचाळिसांश, सात बेचाळिसांश, संक्षेप दिला की एक षष्ठांश. सहाही जणांना सारखे. आणि गोव्यात? तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या सर्वसाधारण नियमाने पती-पत्नींची मिळकत समाईक, म्हणून अर्धी विधवेची स्वतःची; उरलेली अर्धी पाच मुलांत, मुलगा-मुलगी भेद न करता, म्हणजे प्रत्येकास दशांश.

सात चोविसांश, एक षष्ठांश, अर्धा; एक चोविसांश, एक षष्ठांश, एक दशांश. असे नुसते वाचून कोणास काही कळणार नाही, म्हणून मिळकत तीन एकर जमीन आहे असे समजू. एकराचे चाळीस गुंठे. म्हणजे एकशे वीस गुंठे. मृत्युपत्र नाही, आणि सारी जमीन वडिलार्जित, गोव्याच्या हिशेबापुरती समाईक, असे धरू. १९७८ च्या निकालाप्रमाणे आईला पस्तीस गुंठे, मुलाला पस्तीस, मुलीला पाच. २००५ नंतर आईला वीस, मुलाला वीस, मुलीला वीस. गोव्यात आईला साठ, मुलाला बारा, मुलीला बारा.

या ओळी शेजारी ठेवल्या म्हणजे काही अडचणीच्या गोष्टी दिसतात. २००५ नंतर प्रत्येक मुलीला पंधरा गुंठे अधिक आले; तिघींचे मिळून पंचेचाळीस. ते कोठून आले? पंधरा एका भावाचे, पंधरा दुसऱ्याचे, आणि पंधरा आईचे. मुलींच्या हक्काविषयी बोलताना आपण भावांच्या ताटाविषयी बोलतो. आईच्या ताटाविषयी बोलणारे आम्हाला थोडे भेटले. हे सांगून दुरुस्ती चुकीची होती असे आम्हाला सुचवावयाचे नाही. आमच्या मते ती पन्नास वर्षे उशिरा झाली. पण वार्धक्यात वीस गुंठ्यांवर राहणारी आई आणि साठ गुंठ्यांची धनीण असलेली आई यांत मुलांच्या वागणुकीस काय फरक पडतो, हा प्रश्न गुंठ्यांनी उभा केला आहे, आणि त्याचे उत्तर गुंठे देऊ शकत नाहीत. समच्छेदाचे काम एवढेच की ज्यांची तुलना टाळली जात होती त्यांना एका सपाट जागेवर आणावयाचे. त्यापुढचा विवेक ज्याचा त्याने करावा लागतो.

यावर कोणी म्हणेल की सगळेच एका मापाने मोजण्याचा हा अट्टाहास बरा नव्हे. काही गोष्टी मोडता येत नाहीत आणि मोडू नयेत. हे आम्हाला सर्वस्वी मान्य आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा कोणत्या ना कोणत्या देवस्थानाशी संबंध आहे, आणि त्यांना हे ठाऊक आहे की पूजेचा वंशपरंपरागत अधिकार असलेल्या घराण्यांत वाटणी झाली तरी मूर्तीची वाटणी होत नाही. कायद्यानेही होत नाही. मग काय वाटतात? काळ वाटतात. पाळ्या लावतात. मूळ तीन भाऊ, प्रत्येकाचा तृतीयांश. पहिल्याला दोन मुलगे, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला पाच. एकाच्या घरी षष्ठांशाच्या पाळ्या, दुसऱ्याच्या घरी द्वादशांशाच्या, तिसऱ्याच्या घरी पंचदशांशाच्या. तीनशे पासष्ट दिवसांच्या वर्षात हे बसत नाही. तीनशे पासष्टाचे तीन भागच पुरते होत नाहीत. पण तिथींनी मोजले तर बारा महिन्यांच्या तीनशे साठ तिथी, आणि त्यात साठ, तीस, चोवीस असे वाटे नीट बसतात. ज्यांनी तिथींवर पाळ्या लावल्या त्यांना लसावि शिकविला नसेलही. समच्छेद त्यांना साधला होता. अधिक मास आला म्हणजे त्याच्या तीस तिथींत द्वादशांशवाल्यास अडीच तिथी येतात आणि वाद सुरू होतो, ती गोष्ट वेगळी. शिवाय उत्सवातली एक तिथी आणि भर पावसाळ्यातली एक तिथी मोजणीत सारख्या असल्या तरी सेवेकऱ्याच्या मनात सारख्या नसतात. म्हणून शहाणी घराणी पाळ्यांचा क्रम वर्षागणिक फिरता ठेवतात. म्हणजे जे मोडता येत नाही तेथेही माणसांनी समान माप शोधण्याचे सोडले नाही. मूर्तीला हात न लावता त्यांनी ते दुसरीकडे शोधले. ‘हे मोडता येत नाही, म्हणून तुझा हिशेबच नको’ असे म्हणण्याची त्यांना गरज पडली नाही.

गरज पडते ती घरांत. आमच्या व्यवसायातला आजचा सर्वांत सामान्य कागद हक्कसोडपत्राचा आहे. कायद्याने बहिणीचा वाटा भावाइतका झाल्यापासून हा कागद फार वाढला असे आम्हाला दिसते. बाप वारल्यावर बहिणींना माहेरी बोलावतात, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतात, आणि त्या ‘प्रेमापोटी, विनामोबदला’ आपला हक्क सोडतात. कोणी जबरदस्ती करीत नाही. कोणी एवढेच म्हणते की बहिणीने जमीन घेतली तर भाऊबीज कशी राहील. कोणी लग्नाच्या खर्चाची आठवण देते. बहीण म्हणते, मला वाटा नको, माहेर हवे.

या वाक्यापुढे आम्ही नेहमी अडखळतो. त्यात दोन पूर्णे एकमेकांत मिसळली आहेत. जमीन हे एक पूर्ण. तिचा षष्ठांश होतो. माहेर हे दुसरे पूर्ण; त्याचा षष्ठांश होत नाही, आणि ते जमिनीच्या छेदाखाली कधीच येत नाही. सांगलीच्या विधवेला सांगण्यात आले की तुझे दोन वाटे एकत्र मोजता येणार नाहीत, आणि ते खरे नव्हते. या बहिणीला न सांगता सांगण्यात येते की तुझी जमीन आणि तुझे माहेर एकाच हिशेबातले आहेत, आणि तेही खरे नाही. जेथे मिळवावयाचे तेथे नकार आणि जेथे मिळवू नये तेथे बेरीज. लग्नाच्या खर्चाचे म्हणाल तर तो हिशेबात जरूर धरावा. मात्र मग भावाच्या शिक्षणाचा, त्याला दुकानासाठी दिलेल्या भांडवलाचा आणि त्याच्याही लग्नाचा आकडा त्याच छेदाखाली मांडावा. तसा तक्ता मांडलेला आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

बहिणीने हक्क सोडूच नये, असे आमचे म्हणणे नाही. आपल्या धर्मात दानाला मोठे स्थान आहे आणि दान देणारीचा तो अधिकार आहे. पण दानाच्या संकल्पात देश, काल, गोत्र आणि नाव यांबरोबर काय देतो त्याचाही उच्चार करावा लागतो. ‘न मम’ म्हणावयाचे तर ते आधी आपले होते हे ठाऊक असावे लागते, आणि किती होते हेही. हक्कसोडपत्रात बहुधा ‘माझा जो काही अविभक्त हिस्सा असेल तो’ असे लिहिलेले असते. ‘जो काही’ हा शब्द आम्हाला कृपणाच्या त्या उतरंडीची आठवण करून देतो, फक्त येथे देणारीलाच आपण कवडी दिली की द्रम्म दिला हे कळू दिलेले नसते.

म्हणून असा कागद आमच्याकडे आला म्हणजे आम्ही मजकुराच्या आधी एका कोऱ्या पानावर सर्व वारसांची नावे लिहितो, प्रत्येकापुढे अपूर्णांक मांडतो, छेद सारखे करतो, आणि शेवटी गुंठे लिहितो. भाऊ कधी कधी म्हणतात, वकीलसाहेब, एवढ्या खोलात जाण्याचे काय कारण, ताई सही करणारच आहे. ताई पान हातात घेऊन पाहते. आपल्या नावापुढे वीस आणि धाकट्या भावाच्या नावापुढेही वीस हे तिने पुष्कळदा आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेले असते. त्यानंतर काही बहिणी सही करतात, काही विचार करावयास आठ दिवस मागून घेतात. ज्या सही करतात त्या वीस गुंठ्यांवर करतात.